फ्लायव्हील हलकं करून घ्यावं का? (जुनी झेन, कोल्हापूर)

निळी_झेन

नमस्कार मंडळी.

गाडी १९९८ ची झेन, कार्ब्युरेटरवाली, ९९३ सीसी. इंजिन ठणठणीत आहे, चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन सारखं येतंय. क्लचप्लेट मात्र संपली, म्हणजे गिअरबॉक्स उतरणारच. तो उतरलाच आहे तर फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाला फिरणारं, क्लच ज्यावर बसतो ते जड चाक, कातून हलकं करून घ्यावं असं डोक्यात आलंय. उद्यमनगरातल्या एका टर्नरना विचारलं, तर म्हणाले, "चार किलो काढून देतो, गाडी नुसती पळत सुटंल." चार किलो हा आकडा ऐकून मीच थोडा बिचकलो.

वापर असा: आठवडाभर ऑफिस, मधूनमधून गगनबावड्यावरून करुळ घाटानं खाली कोकणात, आणि जवळपास कुठे ऑटोक्रॉस (मोकळ्या मैदानातली वळणावळणाची, घड्याळ लावून केलेली शर्यत) असेल तर हौस म्हणून उतरणं. पोडियमची स्वप्नं नाहीत.

किती काढावं, कुठून काढावं, आणि बॅलन्सिंग खरंच लागतं की ते मशीनवाल्यांचं पोट भरायचं काम आहे? "करून टाक" किंवा "नको करू" एवढंच लिहू नका, का ते सांगा.

बोअर_स्ट्रोक

करून टाक. :)

मित्राच्या एस्टीमला केलंय. रेस दिली की सुई टणकन वर. लोक उगाच घाबरवतात.

र_वर्ग

@बोअर_स्ट्रोक, सुई टणकन वर जाते ती न्यूट्रलमध्ये. न्यूट्रलमध्ये इंजिनाला फक्त स्वतःचे फिरते भाग फिरवायचे असतात, त्यात फ्लायव्हीलचा वाटा मोठा, त्यामुळे तिथे फरक डोळ्यांत भरतो. गाडी रस्त्यावर किती जोरात पळेल हा प्रश्न वेगळा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे फ्लायव्हील हलकं केल्यानं इंजिनाची ताकद वाढत नाही. ५० अश्वशक्तीचं इंजिन ५० अश्वशक्तीचंच राहतं. फ्लायव्हील ताकद खात नाही, साठवतं. वेग वाढताना घेतं, कमी होताना परत देतं. एकसारख्या वेगानं जाताना ते सात किलोचं असो वा तीन किलोचं, काही फरक पडत नाही. फायदा दिसतो तो वेग वाढतानाच. ड्रम फिरवून मोजणाऱ्या डायनोवर काही वेळा "ताकद वाढली" असं दिसतं त्याचं कारणही हेच. मोजणी वेग वाढवत केलेली असते.

आता किती फायदा, ते पाहू. सोयीसाठी ढोबळ आकडे घेतो, झेनच्या जवळपासचे. कडेजवळून, म्हणजे केंद्रापासून ११० मिमी अंतरावरून २ किलो बीड (ओतीव लोखंड) काढलं असं धरा. जडत्व आघूर्ण म्हणजे वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग. २ × ०.११ × ०.११ = ०.०२४ किलो-मीटर वर्ग. हे चाकापर्यंत नेताना एकूण गिअर रेशोच्या वर्गानं गुणायचं आणि चाकाच्या त्रिज्येच्या वर्गानं भागायचं. चाकाची त्रिज्या २६ सेंमी धरली तर:

पहिला गिअर (एकूण रेशो सुमारे १५): गाडी ८० किलोनं हलकी झाल्यासारखी.
तिसरा (सुमारे ५.६): ११ किलो.
पाचवा (सुमारे ३.३): ४ किलो.

म्हणजे पहिल्या गिअरला एक धडधाकट माणूस गाडीतून उतरला, तिसऱ्याला त्याची बॅग उतरली, आणि पाचव्याला बॅगेतला डबा. ऑटोक्रॉस पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालतं, तिथे जाणवेल. हायवेला ओव्हरटेक करताना जाणवलं असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

आता खरी मेख. तेच २ किलो केंद्राजवळून, ६० मिमी त्रिज्येवरून काढले तर पहिल्या गिअरचे ८० किलो घसरून २४ वर येतात. लेथवाला वजनकाट्यावर ठेवून "बघा, दोन किलो गेलं" म्हणेल आणि तो खोटं बोलत नसेल. पण कुठून गेलं हे काटा सांगत नाही. "चार किलो काढतो" म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा.

टर्नर_तात्या

र_वर्ग यांनी कागदावरचं सांगितलं, मी लेथवरचं सांगतो. शिरोलीत आयुष्य गेलं बीड कातण्यात.

भावा, चार किलो काढायलास म्हणजे फ्लायव्हीलचं ताट करायलास. करू नको.

एक, क्लचप्लेट ज्या बाजूला घासते त्या बाजूला वजन काढायला हात लावायचा नाही. काढायचं ते इंजिनाकडच्या पाठीकडून. घासणाऱ्या तोंडाच्या मागं भरपूर जाडी राहिली पाहिजे. क्लच घासला की उष्णता ते बीडच पितं. चढावर हाफ क्लचवर गाडी धरलीस की तोंड तापतं, आणि मागं माल नसला तर वाकतं नाहीतर तडकतं. सात किलोचं तीन किलो केलंस तर तेवढ्याच उष्णतेला दुपटीच्या वर तापणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

दोन, रिंग गिअर, म्हणजे स्टार्टर जिला फिरवतो ती कडेची दात्यांची कडी. ती गरम करून चढवलेली असते, थंड झाली की आवळून बसते. तिच्या खालची बैठक पातळ केलीस तर पकड जाते. एक दिवस स्टार्टर फिरंल, रिंग फिरंल, इंजिन जागेवर. रिंगखालची पूर्ण रुंदी सोडून आतल्या अंगाला खोबण मारायची.

तीन, कोपरे. जिथं कट संपतो तिथं काटकोन सोडायचा नाही. टूलच्या टोकाला गोलाई देऊन, निदान ३ मिमीची, अशी उतरती सोडायची. बिडाला धारदार कोपरा म्हणजे चीर पडायचं आमंत्रण.

चार, भोकं. इंटरनेटवर बघून पोरं येतात, गोल गोल भोकं पाडलेलं फ्लायव्हील दाखवतात, "असं करा". ती स्टीलच्या अखंड गोळ्यातून कातलेली असतात. आपल्या बिडाच्याला तसली भोकं मी पाडून देत नाही. दुसरीकडं जा म्हणतो.

आणि कातायच्या आधी चीर तपासा. डाय पेनेट्रंटचे डबे मिळतात. तेल-ग्रीस पूर्ण साफ करायचं, लाल रंग मारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर. चीर असली तर पांढऱ्यावर लाल केसासारखी रेघ उमटते. घासणाऱ्या तोंडावर आणि बोल्टच्या भोकांच्या कडंनं बघायचं. रेघ दिसली की ते फ्लायव्हील भंगारात. वेल्डिंगचा विचारसुद्धा नको.

निळी_झेन

तात्या, दंडवत. लेथवर बांधताना काय बघायचं? मी शेजारी उभा राहणार आहे.

टर्नर_तात्या

उभा राहा, पण हातबोट लांब ठेव. :)

चार जबड्यांच्या चकात बांधायला सांग. डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावायचा तो मधल्या भोकाला, जिथं फ्लायव्हील क्रँकवर बसतं तिथं. रिंग गिअरच्या बाहेरच्या दातांना डायल लावून सेंटर काढणारे आहेत, त्यांच्याकडून काम घेऊ नको. दात काय, कसंही बसलेलं असतं. भोकाला डायल, मागच्या बैठकीला डायल, दोन्हीकडं काटा दोन-तीन शतांश मिमीच्या आत आला की मग कट.

बिडाचा चुरा काळा भुकटीसारखा पडतो, स्टीलसारखी वेटोळी निघत नाहीत. मधेच टूल चरचरायला लागलं आणि तोंडावर निळसर डाग दिसले तर समज की क्लच घसरून ती जागा तापून कडक झालीय. तिथं टूल माल काढत नाही, वरून सरकतं, आणि डाग उंचवटा होऊन राहतो. असं तोंड लेथवर नाही, ग्राइंडिंगवर साफ करायचं.

प्रेशर प्लेट (क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) जिथं बोल्टनं बसते ती पायरी वेगळ्या उंचीवर असली तर तोंडाचं जेवढं ग्राइंडिंग, तेवढंच पायरीचं. नाहीतर प्लेटचा दाब बदलतो आणि तू मेकॅनिकशी भांडत बसतोस.

करुळ_घाट

मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. माझ्या जिप्सीला फ्लायव्हील बरंच हलकं केलं होतं, आधीच्या मालकानं. रॅलीसाठी. मैदानात, मातीत, मजा. पण सामान भरून, मागे तिघं बसलेले, घाटात एसटीमागे उभं राहायचं आणि चढावर पुन्हा उचलायचं म्हणजे शिक्षा. जरा क्लच सोडला की बंद. रेस जास्त दिली की क्लचचा वास. पावसात धुकं, मागून हॉर्न, आणि तुम्ही स्टार्टर मारताय.

रोज ऑफिसला ही गाडी नेणार असाल तर तुम्हाला काय परवडतं ते बघा.

र_वर्ग

@करुळ_घाट बरोबर, आणि तेही आकड्यात बसतं. ७ किलोचं, १३० मिमी त्रिज्येचं सपाट चाक धरलं तर १५०० आरपीएमला त्यात सुमारे ७३० ज्यूल साठलेले असतात. कडेवरून २ किलो काढल्यावर उरतात ४३० च्या आसपास. भरलेली ९०० किलोची गाडी थांबलेली असताना ताशी ५ किमीपर्यंत आणायला सुमारे ८७० ज्यूल लागतात, चढ आणि क्लचचं घासणं सोडून. म्हणजे उचलतानाचा पहिला धक्का बराचसा फ्लायव्हीलच देत असतं. ते हलकं केलं की तेवढी उसनवारी बंद, सगळं रोखीनं इंजिनाकडून.

ऊसकरी

आमच्या विहिरीवर जुनं एक सिलिंडरचं ऑइल इंजिन होतं, दोन्ही बाजूंना दोन भली मोठी चाकं. लिस्टर पद्धतीचं, ६५० आरपीएमवर चालायचं. दोन फेऱ्यांत एकच ठोका, मग मधल्या दीड फेरीचं काम ती चाकंच करणार. हँडल मारून चाकं पळवली की डीकॉम्प्रेशनचा लिव्हर सोडायचा. तुम्ही लोक उलटं करताय बघून गंमत वाटली. चालू द्या.

र_वर्ग

@ऊसकरी, मुद्द्याचंच बोललात. तुमच्या इंजिनाला ७२० अंशांत एक ठोका. चार सिलिंडरला दर १८० अंशांना, तीन सिलिंडरला दर २४०. सिलिंडर जितके कमी तितकं चाक जड लागतं. म्हणून झेनवर चालेल तेवढी कातणी तीन सिलिंडरच्या मारुती ८०० वर किंवा आजच्या एक लिटर तीन सिलिंडरवर चालेलच असं नाही. आयडलिंगला गाडी थरथरायला लागेल.

स्विफ्टी

माझी स्विफ्ट बीएस-६ पेट्रोल. हे सगळं वाचून हात शिवशिवतायत.

मायक्रॉन

शिवशिवू दे, लावू नको. :)

नव्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, क्रँकच्या फिरण्यातले बारीक चढउतार मोजून मिसफायर (एखादा ठोका चुकणं) झाला की नाही ते ठरवतं. फ्लायव्हील हलकं केलं की चढउतार वाढतात, आणि काहीही बिघडलेलं नसताना चेक इंजिनचा दिवा लागतो, पी०३०० चा कोड. काही इंजिनांत तर क्रँक सेन्सरचे दातेच फ्लायव्हीलवर असतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या झेनला ही भानगड नाही. मात्र कुठल्याही जुन्या इंजिनाचं फ्लायव्हील कातायच्या आधी कडेवर टायमिंगची खूण आहे का पाहून घ्यावं. काहींत असते, आणि लेथवाल्याला ती नुसता ओरखडा वाटते.

आता बॅलन्सिंगबद्दल, कारण मूळ प्रश्नातला तो भाग अजून कुणी घेतला नाही. माझं पोट ह्याच कामावर आहे (पुणे, भोसरी), तेव्हा "मशीनवाल्यांचं पोट" ह्या शब्दांना माझी हरकत नोंदवून पुढे लिहितो.

कडेवर, ११० मिमी त्रिज्येवर, ५ ग्रॅमचा असमतोल राहिला तर ६००० आरपीएमला तो २१७ न्यूटननं, म्हणजे सुमारे २२ किलोच्या जोरानं, क्रँकला बाहेर ओढतो. दर फेरीला दिशा बदलत, सेकंदाला १०० वेळा. त्याचा मार मागच्या मेन बेअरिंगवर, ऑइल सीलवर, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर. ३००० ला हाच जोर चौथ्या हिश्शावर येतो, म्हणून गावात चालवताना कळत नाही आणि लोक म्हणतात "बॅलन्स न करता काही झालं नाही".

किती अचूक हवं? इंजिनाच्या असल्या भागांना साधारण जी ६.३ ही बॅलन्सिंगची प्रत धरतात (आकडा जितका लहान तितका समतोल अचूक). ६ किलोच्या फ्लायव्हीलला ६००० आरपीएमसाठी ती भरते ६० ग्रॅम-मिमी, म्हणजे कडेवर साधारण अर्धा ग्रॅम. रेसवाले जी २.५ मागतात, ती २४ ग्रॅम-मिमी. अर्धा ग्रॅम डोळ्यानं दिसत नाही आणि सुरीधारेवर ठेवून लोळवून बघण्याच्या जुन्या पद्धतीनंही नक्की सापडत नाही. मशीन लागतंच.

फ्लायव्हील चपटं असतं, त्यामुळे एका प्रतलात बॅलन्स केलं तरी बहुतेक भागतं. क्रँक लांब असतो, त्याला दोन प्रतलं लागतात. तू क्रँक काढत नाहीयेस, म्हणून फ्लायव्हील आधी एकटं, मग त्यावर प्रेशर प्लेट बसवून पुन्हा एकदा. नवी प्रेशर प्लेटसुद्धा डब्यातून काढल्या काढल्या समतोल असेलच असं नाही. दोन्हींवर पंचनं जुळती खूण मारून घे आणि बसवताना मेकॅनिकला ती दाखव. खूण न बघता प्लेट दुसऱ्या भोकांवर बसवली की आमची सगळी मेहनत पाण्यात.

माल काढायचा तो पाठीकडून, कडेजवळ, उथळ. १० मिमीचं ड्रिल ५ मिमी खोल गेलं की बिडाचे सुमारे २.८ ग्रॅम निघतात. तात्यांनी भोकांना नाही म्हटलं ते आरपार, ओळीनं पाडलेल्या भोकांबद्दल. हे उथळ खळगे आहेत. तरी एकाच जागी खोल जाण्यापेक्षा शेजारी शेजारी दोन-तीन बरे.

एक सावधगिरी, ह्या धाग्यावर दुसरी गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी. काही इंजिनांत फ्लायव्हील कारखान्यातूनच मुद्दाम असमतोल ठेवलेलं असतं. फोर्डचं एक लिटर इकोबूस्ट, आपल्याकडे इकोस्पोर्टमध्ये आलेलं, त्याचं ठळक उदाहरण. तीन सिलिंडरचा हेलकावा मारायला बॅलन्स शाफ्ट न घालता फ्लायव्हील आणि पुढची पुली मोजून असमतोल केलीय. ते कुणी "चूक सापडली" म्हणून शून्यावर आणून दिलं तर इंजिन थडथडत परत येईल. अमेरिकेतल्या काही जुन्या व्ही-८ इंजिनांतही असंच. कामाला हात घालण्याआधी इंजिन कोणत्या जातीचं ते विचारणारा बॅलन्सिंगवाला शोधा.

डिझेल_दादा

ऑक्टाव्हिया डिझेल आहे. तिचं कातता येईल का?

मायक्रॉन

नाही. त्यात दोन भागांचं फ्लायव्हील असतं, मधे स्प्रिंगा. ते कातायची वस्तूच नाही. काढून एकसंध बसवणारे आहेत, पण मग डिझेलचे ठोके सरळ गिअरबॉक्सवर जातात आणि न्यूट्रलमध्ये खडखड ऐकत बसावं लागतं.

डेट्रॉईटची_मिसळ

मूळचा इचलकरंजीचा, आता मिशिगनमध्ये. इथे ड्रॅग स्ट्रिपवर ठरावीक वेगाच्या पुढच्या गाड्यांना एसएफआय १.१ चा (शर्यतीच्या भागांच्या सुरक्षिततेचं मानक) शिक्का असलेलं फ्लायव्हील आणि क्लच लागतो. त्याहून वेगवान असाल तर बेल हाउसिंगभोवती (क्लच-फ्लायव्हील झाकणारा गिअरबॉक्सचा भाग) पोलादी कवच. नियमामागे कारण आहे: बिडाची फ्लायव्हीलं फुटून तुकडे गाडीच्या फरशीतून आत आलेले आहेत.

२६० मिमी व्यासाच्या चाकाची कड ७००० आरपीएमला सेकंदाला ९५ मीटर वेगानं फिरते. तेवढ्यानं बिडात ढोबळ ६० मेगापास्कल ताण येतो. साधं एफजी २०० प्रतीचं बीड २०० मेगापास्कलला तुटतं, म्हणजे वरवर बघता भरपूर अंतर आहे. पण आरपार भोकाच्या काठाशी ताण तिप्पट होऊ शकतो. ६० गुणिले ३ करा आणि तात्या पोरांना दुसरीकडे का पाठवतात ते कळेल. शिवाय ताण वेगाच्या वर्गानं वाढतो. ७००० चे ८५०० केले की जवळजवळ दीडपट.

झेनचं इंजिन आडवं बसतं, म्हणजे फ्लायव्हील गाडीच्या लांबीच्या रेषेत फिरतं. फुटलं तर तुकडे बॉनेटकडे, रस्त्याकडे, आणि फायरवॉलकडे. जिप्सीचं इंजिन उभं, तिथे ते थेट पुढच्या दोघांच्या पायांच्या रेषेत. जास्त फिरवायचं असेल तर स्टीलच्या गोळ्यातून कातलेलं घ्या, बिडाचं पातळ करून नको.

आणखी एक, बोअर_स्ट्रोक यांच्यासाठी. इथे बरेच ड्रॅगवाले मुद्दाम *जड* फ्लायव्हील लावतात. गाडी जड, टायर चिकट, सुटताना इंजिन दबून चालत नाही. हलकं म्हणजे वेगवान हे सगळीकडे खरं नाही.

बोअर_स्ट्रोक

हे मला माहीत नव्हतं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

करुळ_घाट

घाट उतरताना इंजिन ब्रेकिंग कमी होतं का हो हलक्या फ्लायव्हीलनं? आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात.

र_वर्ग

नाही. इंजिन ब्रेकिंग येतं बंद थ्रॉटलमधून हवा ओढण्यातून आणि घर्षणातून. एकसारख्या वेगानं उतरताना फ्लायव्हीलचा त्यात वाटा शून्य. पाय काढल्यावर वेग कमी होत असतानाच्या काळात तर हलकं फ्लायव्हील किंचित जास्तच आवरतं, कारण ढकलत राहणारं जडत्व कमी. लोकांना उलटं का वाटतं तर खालचा गिअर टाकताना इंजिन झटक्यात खाली-वर होतं, पायाची जुनी सवय चुकते, आणि गाडी हिसके देते.

स्विफ्टी

पुढची पुली हलकी अ‍ॅल्युमिनियमची मिळते ऑनलाइन. फ्लायव्हील नाही तर ती?

मायक्रॉन

तुझ्या पुलीत दोन लोखंडी भागांमध्ये रबर असेल तर ती नुसती पुली नाही, क्रँकची पिळाची थरथर मारणारा डॅम्पर आहे. तो काढून अ‍ॅल्युमिनियमची चकती लावू नये. बाकी चर्चा करायची तर वेगळा धागा काढ, हा आधीच लांबलाय.

निळी_झेन

मंडळी, काम झालं. सविस्तर लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल.

फ्लायव्हील काढून तात्यांच्या पद्धतीनं रंग मारला. घासणाऱ्या तोंडावर किरकोळ काळेपणा वाटत होता. पांढरं मारल्यावर मधल्या पट्ट्यात एक लाल रेघ हळूहळू उमटली, बोटभर लांब, केसाएवढी. नखाला लागत नव्हती. मेकॅनिक म्हणाला "चालतं हो, सगळ्यांचीच असते." नाही चालवली. जुन्या बाजारातून दुसरं आणलं, तेही रंगवून तपासलं, ते स्वच्छ निघालं.

टर्नर बदलला. नवीन गृहस्थांनी न सांगता डायल मधल्या भोकाला लावला, तेव्हाच निश्चिंत झालो. पाठीकडून, रिंगच्या बैठकीच्या आतल्या अंगाला रुंद खोबण मारली, कोपरे गोल. दीड किलोच्या थोडं आत थांबलो, बहुतेक सगळं कडेजवळचं. अजून निघालं असतं, पण करुळ_घाट यांची पोस्ट डोळ्यांसमोर होती.

तोंडाचं ग्राइंडिंग हलकं, पायरीसह. मग बॅलन्सिंग. कातल्यावर मशीनवर ४८० ग्रॅम-मिमी दाखवलं. लेथवर इतकं नीट बांधूनही एवढं कसं विचारलं, तर ऑपरेटरनं पाठीवरचा न कातलेला भाग दाखवला. ओतीव तशीच खडबडीत, एका बाजूला जाडी जास्त. कातताना कड गोल झाली, पण आतली ओतीव होती तशीच. तीन उथळ खळग्यांत ५० च्या आत आलं. प्रेशर प्लेटसह पुन्हा लावल्यावर प्लेटचाही थोडा निघाला. खुणा मारून घेतल्या. टर्निंगपेक्षा बॅलन्सिंगला जास्त पैसे गेले, आणि मायक्रॉन, तुमची हरकत मान्य.

गाडीत फरक: पहिल्या-दुसऱ्याला नक्की जाणवतो. गिअर बदलताना आरपीएम पटकन पडतात, आधीच्या सवयीनं रेंगाळलं की हिसका बसतो. आयडलिंग थोडं वाढवावं लागलं, नाहीतर हेडलाइट आणि पंखा लावल्यावर दबत होती. चौथ्या-पाचव्याला काहीही नाही, र_वर्ग यांनी सांगितलं तसंच. पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. ४५०० च्या वर आधी गिअरच्या दांड्यावर जी मुंग्या येणारी थरथर होती ती गेली. ती कातण्यानं नाही, बॅलन्सिंगनं गेली असं माझं मत. पुन्हा करायचं झालं तर पैसे कमी असताना फक्त बॅलन्सिंग करेन, कातणार नाही.

करुळ चढताना सामान घेऊन उचलायला थोडी जास्त रेस लागते. जमतं.

र_वर्ग

दीड किलोच्या आत, कडेजवळून. १.४ किलो आणि ११५ मिमी धरले तर पहिल्या गिअरला सुमारे ६० किलोचा फरक. तुझ्या वर्णनाशी जुळतं.

ऊसकरी

मायलेज?

निळी_झेन

फरक नाही. निदान टाकी भरून मोजून कळेल असा तरी नाही.

डेट्रॉईटची_मिसळ

ऑटोक्रॉसला उतरण्याआधी तुझ्या क्लासचे नियम वाच. मूळ भागांना हात लावायला मनाई असलेला क्लास असला तर हे कातलेलं फ्लायव्हील तुला वरच्या क्लासात नेऊन ठेवेल, आणि तिथे तुझ्यासमोर तयार केलेल्या गाड्या असतील.

टर्नर_तात्या

छान झालं काम. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घातलेस का जुनेच? जुने घातले असलेस तर गिअरबॉक्स परत उतरव. आणि नवे असले तरी मेकॅनिकनं पान्यानं "हातानं कळतं" म्हणून आवळले का टॉर्क रेंचनं, ते विचार. थ्रेडला लॉक करायचं औषध कुठं लावायचं आणि कुठं नाही ते मॅन्युअलमध्ये असतंय.

निळी_झेन

नवे, तात्या. टॉर्क रेंच मीच घेऊन गेलो होतो. समोरासमोरचे, टप्प्याटप्प्यानं.

टर्नर_तात्या

मग झालं.